पाचवा नियम

मोहाडीच्या चौकात भय्याजीच्या चहाच्या दुकानासमोर संध्याकाळी जो डाव चालतो त्याला कांडीचा डाव म्हणतात. आता तो तुमसर, लाखनीपर्यंत पोचला आहे. त्याचे नियम पाच. पाचही मी केले, आणि छापील पत्रकावर खाली माझं नाव आहे: सेवकराम, विणकर, मोहाडी. पहिल्या चार नियमांची हकीकत मी इतक्या वेळा सांगितली आहे की ऐकणारे माझ्या आधीच हसायला लागतात. पाचव्याबद्दल कुणी विचारलं तर मी म्हणतो, तो काय, असाच सोयीसाठी टाकला.

तो सोयीसाठी टाकलेला नाही. तो का टाकला हे मला सोडून फक्त दोन माणसांना माहीत होतं, त्यातलं एक आता राहिलं नाही. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. वाचून शिव्या द्यायच्या असतील तर खुशाल द्या, माझ्या स्वतःला देऊन झाल्या आहेत.

देवाजी काका आमच्याच गल्लीतले, माझ्या घरापासून चार दारं सोडून राहायचे. मला माग त्यांनी शिकवला आणि बुद्धिबळही त्यांनीच. धोटा कसा फेकायचा हे मी सहा महिन्यांत शिकलो. बुद्धिबळात मात्र अकरा वर्षं त्यांच्यासमोर बसलो आणि एकदाही जिंकलो नाही.

एकाहत्तर साली काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता उपाय नाही. तुटलेला धागा ज्याला दिसत नाही त्याचा माग बंदच पडतो, तसा तो पडला. त्यांची बायको गोदावरीबाई आम्हा विणकरांच्या कांड्या भरून द्यायची, म्हणजे धोट्यात बसवायच्या त्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळायची, त्यावर घर चालायचं. गावासाठी ते आंधळे देवाजी झाले. चौकात मात्र ते देवाजी काकाच राहिले, कारण चौकात त्यांना हरवणारं कुणी नव्हतं.

रोज संध्याकाळी गोदावरीबाई त्यांना घेऊन यायची. काठीचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं तिच्या. बाकावर बसवून ती निघून जायची. मग कुणीतरी समोर पट मांडायचं. काका मोहऱ्यांना हात लावत नसत. हात लागला तो मोहरा चालवायचा, आणि खोटी चाल केली की डाव गेला, हे दोन नियम चौकात त्यांनीच लावलेले. डोळे गेल्यावर आम्ही म्हटलं, काका, तुम्ही चाचपून पाहत जा, तुमच्यापुरती सूट.

"कायले?" ते म्हणाले. "पट माझ्या डोक्यात मांडून आहे. चाळीस वर्सांपासून मांडून आहे."

आणि खरोखर मांडलेला होता. "वजिराच्या घोड्यापुढचं प्यादं, एक घर," असं ते बोलायचे, आम्ही त्यांचा मोहरा हलवायचो, आपली चाल मोठ्यानं सांगायचो. तीसेक चालींत मात. डोळस देवाजी काकांनी हरवलं तर मला काही वाटायचं नाही, गुरूच तो. पण आंधळा माणूस आभाळाकडे तोंड करून, चहा फुंकत फुंकत मला हरवतो आणि सगळा चौक पाहतो, हे माझ्या पोटात दुखायचं. तेव्हा हे मी स्वतःलाही सांगत नव्हतो.

चौऱ्याहत्तर साली चंद्रभान नागपूरहून परत आला. कापडाच्या व्यापाऱ्याचा पुतण्या, कॉलेज अर्धवट सोडलेला. येताना बुद्धिबळाचं एक जाडं इंग्रजी पुस्तक घेऊन आला. त्याला पहिल्या बारा चाली पाठ होत्या. समोरचा काहीही खेळो, हा पान चघळत, बाजारात कोण काय विकतंय ते बघत, झटाझट उत्तरं द्यायचा. तेराव्या चालीला आपण पाहावं तर आपला राजा उघडा पडलेला असायचा.

"तू नाई खेळून राहिला," मी एकदा चिडून म्हणालो. "तुझं पुस्तक खेळून राहिलं."

"मंग तूबी वाच ना!" तो म्हणाला आणि सगळे हसले. मी चौथीपर्यंत शिकलेलो, हे सगळ्यांना माहीत होतं.

देवाजी काकाही आधी त्याच्याशी दोन डाव हरले. तिसऱ्या आठवड्यात जिंकायला लागले. मला म्हणाले, "पोरगा हुशार आहे. पन बाराव्या चालीनंतर एकटा पडते. तितवर टिकून राहायचं, बस." मी टिकून राहायचा प्रयत्न केला. नाही जमलं. म्हणजे आता मी एकाच्या पुस्तकाशी हरत होतो आणि दुसऱ्याच्या डोक्याशी.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी मागावर बसलो होतो. पायाचा धक्का लागला आणि कांड्यांची टोपली उलटली. लाल, पिवळ्या, हिरव्या, सगळ्या कांड्या जमिनीवर एकमेकींत मिसळल्या. मी शिव्या देत त्या गोळा करायला लागलो, आणि हाताला जी येईल ती उचलताना डोक्यात आलं, चंद्रभानचं पुस्तक सुरू कुठून होतं? कोपऱ्यात हत्ती, त्याच्या शेजारी घोडा, मग उंट, इथून. आणि हत्ती कोपऱ्यात नसलाच तर? घोड्याच्या जागी वजीर आला तर? मग पुस्तकाच्या पहिल्याच पानाला काही अर्थ उरत नाही.

त्या संध्याकाळी मी चौकात जाहीर केलं. प्यादी आपल्या जागेवर. मागचे आठ मोहरे थैलीत घालायचे, न पाहता एकेक काढायचे आणि निघतील तसे ओळीनं मांडायचे. चंद्रभान म्हणाला, "हे काय पोराईचे खेळ आहेत?" मी म्हणालो, "भेलास काय रे?" तो बसला.

पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपापले मोहरे काढले. त्याची ओळ झकास लागली. माझे दोन्ही हत्ती मधोमध अडकून बसले, वजीर कोपऱ्यात. हरल्यावर मी पट उधळला. भांडण इतकं झालं की भय्याजीनं दोघांच्याही हातातले कप काढून घेतले. त्यातून पहिला नियम झाला: सोडत एकदाच काढायची आणि दोघांची रांग तीच. समोरासमोर, हत्तीसमोर हत्ती, घोड्यासमोर घोडा. नशीब खराब निघालं तर दोघांचंही खराब निघेल.

दुसरा नियम उंटांचा. एकदा दोन्ही उंट पांढऱ्या घरांवर आले. उंट तिरपा चालतो, पांढऱ्यावरचा जन्मभर पांढऱ्यावरच. काळी घरं बेवारस पडली. तेव्हा ठरलं, एक उंट काळ्यावर, एक पांढऱ्यावर. नाही आले तर पुन्हा काढा. तिसरा राजाचा. राजा कोपऱ्यात येऊन बसला आणि तिथून हलेचना, दुकान बंद करायची वेळ झाली तरी मात होईना. भय्याजीच ओरडला, "अरे, राजा आहे का उंदीर? त्याले मधात बसवा!" तेव्हापासून राजा नेहमी दोन हत्तींच्या मध्ये कुठेतरी, कोपऱ्यात कधीच नाही.

चौथ्याचं श्रेय चंद्रभानच्या बोटांना. त्याची ओळ काढायची पाळी आली की घोडे हमखास त्याला हवे तिथे यायचे. घोड्याला कान असतात, ते थैलीत हाताला कळतात. मी त्याचं मनगट धरलं तेव्हा तो हसला, "कान कापून टाक मंग." मी कान कापले नाहीत. मी गोदावरीबाईकडे गेलो आणि तिच्याकडून आठ सारख्या कांड्या भरून घेतल्या. लाल म्हणजे राजा, पिवळी वजीर, दोन काळ्या हत्ती, दोन हिरव्या घोडे, दोन निळ्या उंट. त्या मडक्यात टाकायच्या आणि न खेळणाऱ्यानं तोंड फिरवून काढायच्या. हे काम भय्याजीकडे लागलं. तिथूनच कांडीचा डाव हे नाव पडलं.

"कायच्यासाठी पायजे एवढ्या रंगाच्या?" गोदावरीबाईनं विचारलं होतं.

"खेळ आहे काकू, नवा."

"यायले जमन का तो?" तिनं काकांकडे पाहत विचारलं.

"जमन ना," मी म्हणालो. तिनं सूत घट्ट आणि सारखं गुंडाळून दिलं. बोटांना एकीतही फरक लागत नव्हता.

लोकांना मी सांगतो की डाव चंद्रभानच्या पुस्तकावर काढला. ते अर्धंच खरं आहे. त्या दुपारी कांड्या गोळा करताना पहिल्यांदा पुस्तक आठवलं, हे खरं. पण दुसऱ्याच क्षणी आठवलं ते काकांचं वाक्य: पट माझ्या डोक्यात मांडून आहे. आणि मला बरं वाटलं. मला फार बरं वाटलं.

महिनाभरात चौकात जुना डाव कुणी खेळेना. चंद्रभानला मी ओळीनं तीन वेळा हरवलं. पुस्तक त्यानं चुलत्याच्या कापडाच्या दुकानात गल्ल्याखाली ठेवून दिलं, आणि मोठ्या मनाचा म्हणा की बेशरम म्हणा, नव्या डावाचा तोच सगळ्यात मोठा भक्त झाला. देवाजी काका वर्षभर रोज यायचे, बाकावर बसायचे, ऐकायचे. भय्याजी कांड्या काढायचा, आम्ही पाहून मांडायचो, खेळायचो. मोठ्यानं काही सांगायची गरजच नव्हती, सगळ्यांना दिसत होतं. एका माणसाला सोडून.

"एक साधा डाव होऊन जाऊ द्या रे," ते म्हणायचे.

"जुना डाव आता कोन खेळते काका?" चंद्रभान म्हणाला.

मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "सोडत दोघाईले सारखीच आहे काका. यात अन्याय कोनावर नाई."

"सारखीच आहे," ते म्हणाले. "खरं आहे बापू."

त्यानंतर ते यायचे थांबले. दोन महिने काठीचा आवाज चौकात आला नाही. मला वाटलं, सुटलो. मग कळलं की गोदावरीबाईनं घरासाठी दुसऱ्या आठ कांड्या भरल्या आहेत. दुपारी काम आटपलं की ती काकांच्या शेजारी जमिनीवर बसायची, मडक्यातून कांड्या काढायची, त्यांच्यासमोर ओळीनं ठेवायची आणि रंग सांगायची: काळी, निळी, हिरवी. काका ते आठ रंग डोक्यात मांडायचे आणि मग दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळायचे. तिला बुद्धिबळातलं काही कळत नव्हतं. ती फक्त सांगितलेल्या चाली लक्षात ठेवायची. एकसष्ट वर्षांच्या माणसानं चाळीस वर्षांचा मांडलेला पट मोडला आणि रोज नवा मांडायला शिकला.

शहात्तर सालचा कार्तिक. बाजाराचा दिवस होता, चौक भरलेला. काठीचं टोक धरून गोदावरीबाई आली, आणि त्या दिवशी ती परत गेली नाही, बाकामागेच उभी राहिली.

"सेवक," काका म्हणाले, "मांड तुझा कांडीचा डाव. मी शिकून आलो."

लोक गोळा झाले. मी पांढरे घेतले, त्यांना काळे. भय्याजीनं मडक्यात हात घातला, एकेक कांडी काढली. मी मोहरे मांडले आणि मोठ्यानं सांगितलं, "पयल्या घरात उंट, दुसऱ्यात हत्ती, तिसऱ्यात घोडा, चौथ्यात उंट, पाचव्यात राजा, सहाव्यात वजीर, सातव्यात घोडा, आठव्यात हत्ती." काकांनी बोटांवर मोजत एकदा म्हणून दाखवलं. बरोबर होतं.

मी पहिलं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. ते म्हणाले, "माझं डावीकडून दुसरं प्यादं, एक घर."

मी ते हलवलं आणि मला नवल वाटलं. देवाजी काका कधी एक चाल वाया घालवत नसत, आणि ही अगदी वाया होती. त्या प्याद्यानं काही उघडत नव्हतं. कोपऱ्यात उंट असता तर त्याची वाट मोकळी झाली असती. पण त्यांच्या डाव्या कोपऱ्यात हत्ती होता. उंट दुसऱ्या कोपऱ्यात होता, उजव्या.

मग मला कळलं. मी रांग माझ्या डावीकडून सांगितली होती. आम्ही समोरासमोर बसलो होतो, माझं डावं ते त्यांचं उजवं. घरी गोदावरीबाई त्यांच्या शेजारी बसून सांगायची, तेव्हा तिचं डावं आणि त्यांचं डावं एकच. पहिलं घर कुणाकडचं, हे चौकात कधी कुणी सांगितलंच नव्हतं, कारण चौकात कधी कुणाला सांगावं लागलंच नव्हतं. काकांच्या डोक्यातला पट चोख होता, फक्त उलट्या बाजूनं मांडला गेला होता. चूक त्यांची नव्हती.

एक वाक्य पुरलं असतं. काका, रांग तुमच्या उजवीकडून आहे. पुन्हा मांडू. एवढंच.

मी पाहिलं, चंद्रभान पाहत होता, भय्याजी पाहत होता, बाजाराला आलेली खेड्यांवरची माणसं धानाची पोती बाजूला ठेवून पाहत होती. आणि मी दुसरं प्यादं पुढे टाकलं.

"पाचवं प्यादं, एक घर," ते म्हणाले. मी हलवलं. मी घोडा काढला.

"कोपऱ्यातला उंट, एक घर तिरपा."

"कोनता कोपरा काका?" मी विचारलं. हे विचारताना मला उत्तर माहीत होतं.

"डावा ना रे."

"तिथं उंट नाई काका. तिथं हत्ती आहे."

कुणीतरी हसलं. काकांनी पुन्हा बोटांवर मोजलं, पहिल्यात उंट, दुसऱ्यात हत्ती, आणि मध्येच थांबले. पटाकडे हात पुढे केला, आणि मोहऱ्यांपासून वीतभर अंतरावर मागे घेतला. हात लागला असता तर चालवावा लागला असता.

"खोटी चाल झाली," ते म्हणाले. "डाव गेला."

"राहू द्या काका, पुन्यांदा खेळा," भय्याजी म्हणाला.

"नाई. नेम म्हनजे नेम." ते उठले. काठी चाचपली. "डोकं गेलं गोदा. तिसऱ्या चालीलेच गेलं. चाल घरी."

ती म्हणाली, "घरी तर बरोबर जमत होतं जी." काठीची दोन टोकं धरून दोघं बाजारातून निघून गेली.

लोकांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. वय झालं म्हाताऱ्याचं, असंही म्हणाले. मी रात्री जेवताना बायकोला सांगितलं की आज देवाजी काकांना हरवलं. पुढे कित्येक वर्षं मी हे सांगत राहिलो. अकरा वर्षांत एक डाव, पण हरवलं.

आठ दिवसांनी मी वहीत पाचवा नियम लिहिला: मोहऱ्यांची रांग नेहमी पांढऱ्या बाजूच्या डाव्या हातापासून मोजावी व तसं आधी मोठ्यानं सांगावं. चौकात कुणी कारण विचारलं नाही. तो नियम मी लिहिला म्हणजे मला सगळं कळलं होतं. एवढी शरम मला होती की पुन्हा तसं कुणाचं होऊ नये. पण ज्याचं झालं होतं त्याला जाऊन सांगण्याइतकी नव्हती.

आणि नऊ वर्षं मी रोज त्यांच्या दारावरून गेलो. ते उंबऱ्यात बसलेले असायचे. पावलं ओळखायचे.

"सेवक का?"

"हो काका."

"डाव चालू आहे?"

"चालू आहे. या ना एखाद दिवशी."

"नाई बापू. माझं डोकं ठिकानावर नाई आता."

आणि मी म्हणायचो, "वय होते काका. चालाचंच." हे मी म्हणायचो. दिवसाआड म्हणायचो.

त्या माणसाकडे शेवटी उरलेलं होतं ते एक डोकं, आणि ते गेलं असं त्यांनी मनाशी धरलं. पूर्वी गल्लीतले विणकर किनारीची जुनी नक्षी विसरले की त्यांना विचारायला जायचे. कुठल्या रंगाचे किती धागे, ते तोंडपाठ सांगायचे. आता कुणी गेलं की म्हणायचे, मला काय विचारता, माझा भरवसा नाही. हळूहळू लोकांनी जाणं सोडलं. घरातल्या गोष्टीही ते गोदावरीबाईला विचारून करू लागले. जेवलो का मी? आज वार कोणता? विचारत राहिलं की माणसाला खरंच आठवेनासं होतं.

पंच्याऐंशी साली चंद्रभाननं पुढाकार घेऊन कांडीच्या डावाची मोठी स्पर्धा ठरवली. तुमसरहून पत्रकं छापून आणली, नियमांसकट. उद्घाटन देवाजी काकांच्या हातून करायचं असं सगळ्यांचं ठरलं. गुरू तुझे, तूच जा बोलवायला, म्हणाले. नाही कसं म्हणणार?

गोदावरीबाईनं चहा ठेवला. काका खाटेवर बसले होते, खूप वाळले होते. मी निमंत्रण सांगितलं.

"नेम छापले म्हंते," ते म्हणाले. "वाच बरं."

मी वाचले. पहिले चार नीट वाचले. पाचवा भराभर वाचला आणि पत्रकाची घडी घातली.

"पाचवा पुन्यांदा वाच."

मी वाचला. पांढऱ्या बाजूच्या डाव्या हातापासून मोजावी. गोदावरीबाई चुलीपाशी होती, तिचे हात थांबले.

काका मग बोटांवर मोजायला लागले. पहिल्यात उंट, दुसऱ्यात हत्ती, तिसऱ्यात घोडा. नऊ वर्षांपूर्वीची रांग, एकही घर न चुकता आठपर्यंत. मग आठपासून उलटी, एकपर्यंत.

"त्या दिवशी तू कोनाच्या डावीकडून सांगतलं होतं?"

"माझ्या."

ते हसले. मी शपथेवर सांगतो, ते लहान मुलासारखे हसले. "गोदा, आयकलं का? माझं डोकं गेलं नोतं! उंट दुसऱ्या कोपऱ्यात होता. डोकं गेलं नोतं माझं!"

तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "तुले कवा समजलं?"

"मागून," मी म्हणालो. "घरी गेल्यावर." तेही खोटंच.

"घर तं चार दारं सोडून आहे तुझं," ती म्हणाली.

चहा समोर निवत होता. काकांनी हात हलवला, जाऊ दे म्हणाल्यासारखा. "पट काढ गोदा. कांड्या आहेत ना अजून?"

तिनं फळीवरून पट काढला, पदरानं पुसला. कांड्यांचे रंग उडाले होते, पण सूत तसंच घट्ट होतं. तिनं काढल्या, मी मांडलं. पांढरे मी त्यांना दिले. रांग त्यांच्या डावीकडून सांगितली, दोनदा. त्यांनी म्हणून दाखवली आणि खेळायला लागले.

पहिल्या पाच चाली जुने देवाजी काका खेळत होते. सहाव्या चालीला मी मुद्दाम घोडा त्यांच्या प्याद्यापुढे नेऊन ठेवला. आज ते जिंकावेत, एवढंच मला हवं होतं.

"फुकट कायले देऊन राहिला?" ते लगेच म्हणाले. "मागं घे. नीट खेळ."

मी मागे घेतला. नीट खेळलो. आठव्या चालीनंतर ते थांबले. ओठ हलत होते. "वजीर," ते म्हणाले. "वजीर कुठं ठेवला मी?"

"सातव्यात," गोदावरीबाई हळूच म्हणाली.

"तू नको सांगू." कपाळावर घाम आला होता. पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले, चौथ्या घरापाशी अडले, पुन्हा पहिल्यापासून. मग एकदम म्हणाले, "हत्ती. सरळ चार घरं."

हत्तीपुढे त्यांचंच प्यादं उभं होतं. मी तरीही हत्ती उचलला आणि चार घरं पुढे नेऊन ठेवला.

"ठेवला?"

"ठेवला काका."

"चालते का तो तिथं?"

मी पटाकडे पाहिलं, गोदावरीबाईनं माझ्याकडे.

"बोल ना रे सेवक. खोटी चाल होती ना?"

"हो काका."

त्यांनी मान हलवली. मग डोळे गेल्यापासून पहिल्यांदा पटावर हात ठेवला. बोटं चाचपत गेली, दोन प्यादी आडवी झाली, एक घरंगळत खाटेखाली गेलं. राजा सापडला. त्याच्या डोक्यावरून एकदा बोट फिरवलं आणि तो हळूच निजवला.

"त्या दिवशी नोतं गेलं," ते म्हणाले. "आता गेलं."

मी पाया पडायला वाकलो. त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला, आणि अगदी पूर्वी धोटा शिकवताना बोलायचे त्या आवाजात ते म्हणाले, "तो डाव मोजत जाऊ नको बापू. हा मोज."